चौथं कार्ड

१० फेब्रुवारी

दादा,

नमस्कार, खुशाली वगैरे लिहीत बसले तर पहिल्या ओळीलाच तू पत्र बाजूला ठेवशील, म्हणून थेट कामाचं लिहिते. फोन तू उचलत नाहीस. पत्रं फोडतोस की नाही देव जाणे, पण परत येत नाहीत, एवढ्यावर मी समाधान मानते.

काम असं, की यंदा वहिनीचं कार्ड उशिरा येईल. छपाईचा घोळ झालाय. आमच्या छापखानेवाल्याने मशीन बदललं आणि नव्या मशीनवर आमचा हिरवा रंग शेवाळलेला दिसतो. संचालकांना तो चालत नाही, त्यांना ‘जीवनाचा हिरवा’ हवा असतो. तो नेमका कोणता हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही, त्या बिचाऱ्याला काय कळणार. तर वहिनीला सांग, काळजीचं काही नाही, कार्ड येईल.

बाकी माझं ठीक. ऑफिस अजून टायरच्या दुकानावरच आहे. ऊन चढलं की रबराचा वास जिन्याने वर येतो आणि मीटिंगला आलेली मोठी माणसं नाकाला रुमाल लावून अवयवदानाबद्दल बोलतात. सध्या मोठी मोहीम चालू आहे. बसच्या पाठीवर जाहिराती, रेडिओवर चार ओळी आणि कॉलेजांतून व्याख्यानं. व्याख्यानांना वहिनी असते, हे तुला माहीत आहे. तुला ते आवडत नाही, हे मला माहीत आहे. पण ती उभी राहून ‘माझी मुलगी अजून धडधडतेय’ म्हणते ना, तेव्हा शेवटच्या बाकावरची टवाळ पोरंसुद्धा मोबाइल खिशात घालतात. जनसंपर्क प्रमुख म्हणून माझ्या दारावर पाटी आहे, पण मला ते एकदाही जमलेलं नाही.

तुझं चष्म्याचं दुकान कसं चाललंय? मला जवळचं दिसेनासं झालंय. चष्मा लागला तर तुझ्याकडूनच करून घेणार. तू काउंटरमागे लपून बसलास तरी चालेल, नंबर मी काढून आणीन.

वहिनीला तेवढं सांग. तिने आणखी खोदून विचारलंच तर छपाईच सांग.

तुझी बहीण


१९ फेब्रुवारी

दादा,

छपाईचं खोटं होतं. हिरवा रंग छान उमटलाय. कार्डांचा गठ्ठा माझ्या टेबलाखाली पडून आहे आणि त्यातलं तुमच्या घरचं मी टाकलेलं नाही.

ठकीचं हृदय जानेवारीत बंद पडलं.

हे वाक्य किती तऱ्हांनी लिहून पाहिलं, शेवटी असंच लिहिलं. आमच्याकडे शब्दांचे नियम आहेत, मीच घालून दिलेले. ‘अवयव काढले’ म्हणायचं नाही, ‘अवयव मिळाले’ म्हणायचं. ‘मयताचे नातेवाईक’ नाही, ‘दाता कुटुंब’. नवीन पोरं चुकली की मी त्यांना फैलावर घेते. ‘बंद पडलं’ याच्या जागी काय म्हणायचं, ते मात्र मी कधी ठरवलंच नव्हतं.

जिला ते बसवलं होतं तिचं नाव मला सांगता येत नाही, तो नियम माझ्याहून वरचा आहे. लहान मुलांच्या शिकवण्या घ्यायची. चार वर्षं ती जिने चढली, मुलांवर ओरडली, आजारी पडली, बरी झाली. मग छातीत संसर्ग झाला, औषधांचं गणित बिघडलं आणि शरीराने ते हृदय नाकारलं. डॉक्टरांनी हातपाय कमी मारले नाहीत. हे सगळं तुझ्या पोरीबद्दल चाललंय असं मला लिहिताना वाटतंय, आणि तुला वाचताना वाटत असेल तर मला क्षमा कर.

आता कार्डाचं. ती कल्पना माझी. अवयव दिलेल्या घरी दरवर्षी, माणूस गेलं त्या तारखेच्या सुमारास, एक कार्ड जातं. ‘तुम्ही दिलेलं आजही चालू आहे.’ एवढंच वाक्य, खाली आमचं चिन्ह. कुणाला काय बसवलं, ते माणूस कुठे राहतं, काही नाही. त्या कार्डाने आमच्या संस्थेचं नाव झालं. लोक ते फ्रेम करून लावतात. आणि आम्ही सगळे एवढे शहाणे, की चालू नसेल तेव्हा काय पाठवायचं, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नाही. दुसरं कार्ड नाहीच. ज्यांचं बंद पडलं त्यांना आम्ही नुसतं पाठवायचं थांबवतो. बहुतेक घरं विचारत नाहीत. टपालात गहाळ झालं असेल, असं आपलं आपणच समजून घेतात. वहिनी समजून घेणाऱ्यातली नाही. तिची तीन कार्डं आलीत आणि ती चौथ्याची वाट बघतेय.

संचालक म्हणतात, पाठवून टाका. त्यांनी मला समोर बसवून विचारलं, ‘मुलीची एक किडनी व्यवस्थित चालू आहे ना? मग वाक्यात खोटं काय आहे?’ मी इतकी वर्षं शब्दांवर पोट भरते, ते वाक्य मी उलटसुलट तपासून पाहिलं, आणि त्यात खरंच खोटं काही नाही. वहिनी किडन्यांना विचारत नाही, एवढंच.

आमच्या समन्वयक बाई, त्या हॉस्पिटलात नातेवाइकांशी बोलतात, त्यांचं उलट म्हणणं. ‘तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते,’ म्हणाल्या, ‘पण मग आत्या म्हणून त्या घरात तुम्हाला तोंड दाखवता येणार नाही.’ तसंही ते तोंड मी गेली साडेतीन वर्षं दाखवलेलं नाही. ठकीचा फोटो पोस्टरवर गेला त्या दिवशी तू दार लावलंस, ते लावलंसच. वहिनीने परवानगी दिली होती आणि तुला मी विचारते असं ती म्हणाली होती, हे मी मागे लिहिलं आहे, पुन्हा उगाळत नाही.

दादा, तू सांग. तू तिच्या घरात आहेस, मी नाही. सांगायचं का, कुणी सांगायचं, कधी. तू म्हणशील तसं. हे भिजत घोंगडं माझ्याच्याने फार दिवस ठेववणार नाही.

तुझी बहीण


२ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. वहिनी मात्र येऊन गेली.

दुपारची वेळ, मी रेडिओच्या ओळी कापत बसले होते. बाई जिना चढून धापा टाकत आत आली, पंख्याखालची खुर्ची ओढली आणि म्हणाली, ‘काय वन्सं, तुमचा छापखाना अजून हिरवाच शोधतोय का?’ लाडात आली की ती मला वन्सं म्हणते.

म्हणजे तू पत्रं वाचतोस, आणि निरोपही देतोस. मला आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं. पहिलं वाचलंस म्हणजे दुसरंही वाचलं असणार, आणि ते वाचून तू तिच्यासमोर बसून जेवतोस.

मी म्हटलं, ‘येईल गं. या आठवड्यात येईल.’

‘कागद राहू दे. माझं काय कागदावाचून अडलंय का? तुम्हाला आत सगळं कळतंच की. तोंडाने सांग. चालू आहे ना?’

‘चालू आहे.’

मी हे अगदी चटकन बोलले. माझ्या आवाजात काही फरक पडला नाही. ती हसली आणि पर्समधून पाण्याची बाटली काढून घटाघट प्यायली.

‘बाप-लेकीची एकच खोड,’ म्हणाली, ‘दोघांनाही पाणी प्यायची आठवण करावी लागते. मी त्याला परवा म्हटलं, किडन्या तुझ्या वाटणीच्या, तू घे. हृदय माझं.’

‘मग तो काय म्हणाला?’

‘तो काय म्हणणार. उठून चष्मे पुसायला लागला. हल्ली जरा जास्तच पुसतो.’

मग तिने पुढच्या व्याख्यानांच्या तारखा लिहून घेतल्या. एका कॉलेजने विषय ‘मृत्यूनंतरचे जीवन’ असा दिलाय, त्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो. आत्माबित्मा समजून कुणी धूप घेऊन येईल म्हणाली. ती गेल्यावर मी स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं. समन्वयक बाई बाहेरच उभ्या होत्या. त्यांनी नुसता रुमाल पुढे केला, आणि मला त्याचाच राग आला.

दादा, तू चष्मे पुसतोस आणि मी ‘चालू आहे’ म्हणते. असं किती दिवस? एक ओळ लिही. ‘सांग’ किंवा ‘नको’, एवढीच.

तुझी बहीण


११ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी ते ऑफिसात फोडलंच नाही, घरी नेलं. आत चारच ओळी निघतील असं वाटलं होतं, तेवढ्याच निघाल्या.

‘तिला सांगू नकोस. कार्ड पाठव. तुमचं ऑफिस मला आवडत नाही, आणि तो फोटो लावलेली बस दुकानासमोर थांबली की मी शटर अर्धं ओढतो. पण कार्ड आलं की ही माणसांत असते. नाही आलं तर काय होईल ते मला बघावं लागेल, तुला नाही.’

शेवटचं वाक्य मला लागलं, पण ते खरं आहे. पहिलं कार्ड येईपर्यंतचे महिने मी पाहिलेले नाहीत. तू तिला वेणी घालून द्यायचास, असं शेजारणीकडून ऐकलं होतं. तू, ज्याला बुटाची नाडी नीट बांधता येत नाही.

कार्ड मी काल टाकलं. तुझ्या शब्दाखातर टाकलं असं लिहिणार होते, पण ते काही खरं नाही. तू नको म्हणालास आणि मला हायसं वाटलं. आपलं दोघांचं इतक्या वर्षांनी एका गोष्टीवर एकमत झालं, तेही अशा.

आणखी एक केलं, ते तुला सांगून ठेवते. दुसरं कार्ड करायला घेतलं. वहिनीसाठी नाही, पुढच्यांसाठी. ‘तुम्ही दिलेलं काही वर्षं चालू होतं, आता थांबलं आहे.’ मग ‘काही वर्षं’ खोडलं, कारण काहींचं काही महिनेच चालतं. मग ‘थांबलं’ खोडलं, विश्रांतीला थांबल्यासारखं वाटतं म्हणून. शेवटी कागदावर नुसतं आमचं चिन्ह उरलं. संचालकांकडे विषय काढला तर ते म्हणाले, ‘हे कार्ड एखाद्या घरातून बाहेर गेलं तर मोहिमेचं काय होईल?’ छापखानेवाल्याला फोन केला, तर त्याने आधी विचारलं, ‘किती छापायची?’ मी म्हटलं नंतर कळवते. तो आकडा मला ठाऊक आहे, पण माझ्याने तोंडातून काढवला नाही.

तुझ्या चार ओळींबद्दल आभार मानावेत की काय, मला कळत नाही. पण पाकीट जपून ठेवलंय.

तुझी बहीण


२३ मार्च

दादा,

हे पत्र टपालाने नाही, आमच्या ड्रायव्हरबरोबर दुकानावर पाठवतेय. वाचलंस की दुकान बंद कर आणि घरी जा. वहिनी बसने निघालीय, मध्ये बस बदलावी लागेल, म्हणजे तू आधी पोहोचशील. का, ते लिहिते.

सकाळी आम्ही दोघी कॉलेजातून बाहेर पडत होतो, तेवढ्यात समन्वयक बाईंचा फोन आला. एका गॅरेजवाल्याचा मुलगा, कामावरून घरी येताना गाडीने उडवलेला. मेंदू मेलेला, बाकी सगळं यंत्रावर चालू. बाप म्हणाला, मी ऑफिसवाल्यांशी बोलणार नाही, ज्यांनी आपलं मूल दिलंय त्यांच्याशीच बोलेन. अशा वेळी वहिनीला बोलावतात, हे तुला ती सांगत नसेल. ती लगेच चल म्हणाली. कार्ड पर्समध्ये होतंच. गेल्या आठवड्यात मिळालं तेव्हापासून ती ते घेऊनच फिरते.

ती खोली तुला माहीत आहे. ठकीच्या वेळचीच. खुर्च्या तेवढ्या बदलल्यात, आता निळ्या आहेत. तो माणूस ठेंगणा, हात घासून घासून धुतलेले, तरी नखांत काळं राहिलेलं. बायको गावाहून यायची होती. वहिनी त्याच्या शेजारी बसली, समोर नाही. ती काय बोलते हे मी इतक्या वेळा ऐकलंय, पण आज कॉलेजातलं एकही वाक्य तिने वापरलं नाही. त्याच्या पोराचं नाव विचारलं, तो काय खायचा, गाडी कशी चालवायचा ते विचारलं. मग तो म्हणाला, ‘बाई, तुमच्या मुलीचं जे दिलं, ते अजून चालू आहे?’

तिने कार्ड काढून दिलं. त्याने उलटंपालटं करून पाहिलं आणि परत दिलं. ‘कार्ड काय, कुणीपण छापतं. गाडीवर पण आम्ही स्टिकर लावतो. ऑफिसचं कोण असेल तर त्यांनी तोंडाने सांगावं.’

‘ही आहे ना ऑफिसातली. माझी नणंदच आहे. सांग गं याला.’

दादा, ते वाक्य मीच लिहिलेलं. तीन आठवड्यांपूर्वी ते माझ्या तोंडून सहज निघालं होतं. आज निघालं नाही. त्या माणसाने पोराला पलीकडे यंत्रावर ठेवून मला विचारलं होतं, आणि माझ्या हो-नाहीवर त्याचा होकार अवलंबून होता. मी नाही म्हटलं असतं तर वरच्या मजल्यावर हृदयाची वाट बघत पडलेलं कुणीतरी मेलं असतं. हो म्हटलं असतं तर मग ते खोटं कायमचंच झालं असतं. मी काहीच म्हटलं नाही. समन्वयक बाई फरशीकडे बघायला लागल्या. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

तिला कळलं. कळताना मी बघत होते.

ती त्या माणसाकडे वळली आणि म्हणाली, ‘हिला असं समोरासमोर बोलायची सवय नाही, ही लिहिणारी बाई आहे. चालू आहे भाऊ. माझ्या पोरीचं अजून चालू आहे.’ आवाज नेहमीसारखाच. तो रडायला लागला, ती त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मग त्याने सही केली. आज संध्याकाळी त्याच्या पोराचं हृदय कुणालातरी बसवतील, आणि पुढच्या वर्षी त्याच्या घरी माझं कार्ड जाईल.

आम्ही मागच्या दाराने बाहेर आलो. जनरेटरच्या खोलीजवळ एक बाक आहे, तिथे ती बसली.

‘कधी?’

‘जानेवारीत.’

‘त्याला माहीत आहे?’

मी मान हलवली. तुला वाचवायला हवं होतं कदाचित, पण आज खोटं बोलायचा माझा कोटा संपला होता. तुझ्यावर ती रागावली असं मला वाटलं नाही. ‘तरीच चष्मे,’ एवढंच म्हणाली.

मग बराच वेळ ती काहीतरी आठवत होती. जनरेटर चालू झाला, बंद झाला.

‘जानेवारीत मी पडदे शिवले,’ ती म्हणाली. ‘बाहेरच्या खोलीतले, पिवळे. रेडिओ लावून शिवले. शेजारीण आली होती, आम्ही तिच्या जावयाची नक्कल करून हसत होतो. मजेत होते गं मी. जानेवारीभर मजेत होते.’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘मला काहीच कळलं नाही. काहीतरी व्हायला नको होतं का? सुई तरी टोचायची.’

मी म्हटलं, ‘वहिनी, एक किडनी चालू आहे. खरंच चालू आहे.’ हे मी म्हटलं, दादा. संचालकांचं वाक्य मी तिला दिलं, कारण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

‘असू दे,’ ती म्हणाली. एखादी वस्तू कुणी देऊ केली आणि आपल्याला नको असली की म्हणतो, तसं.

त्या गॅरेजवाल्याला आपण फसवलं का, असं तिने विचारलं. मी नाही म्हटलं. ‘तू नाहीच म्हणणार,’ ती म्हणाली, आणि पर्समधून कार्ड काढून माझ्या हातात दिलं. आमची गाडी तिने नाकारली. उद्याचं व्याख्यान आहे की नाही, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

मी तुमच्याकडे येत नाही. मला बघितलं की तिला ऑफिस दिसेल. राजीनाम्याचं मनात येतंय, पण मी गेले तर दुसरं कुणी ती कार्डं टाकेल, त्याने तुमच्या घरात काही बदलणार नाही. तू तेवढा घरी राहा. काही बोलू नकोस, तुला बोलता येत नाहीच. रडलास तर तिच्यासमोर रड, शटर ओढून नको.

बस येण्याआधी तिने मला एक विचारलं, त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून तुला लिहितेय. ती म्हणाली, ‘पहिल्या वेळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्हीकडची माणसं आली होती, माझ्या हाताला धरून बसली होती. या वेळी कुणाला सांगायचं?’

मी सगळी माणसं आठवून पाहिली. तिने ज्यांना सांगावं असे आपण दोघंच आहोत, दादा, आणि आपल्याला आधीच माहीत होतं.

तुझी बहीण